दोन ते चारचा पहारा

मी समुपदेशनाचं काम करते. आषाढी सरली की माझ्याकडे एका ठरावीक दुखण्याची माणसं यायला लागतात आणि पितृपंधरवडा संपेपर्यंत येत राहतात. वडील गेलेले असतात. कुणाचे वर्षाच्या आत, कुणाचे चार-पाच वर्षांपूर्वी. आलेला माणूस पस्तिशी-पन्नाशीतला. पहिल्या भेटीत झोप लागत नाही, छातीत जळजळतं, बायकोवर खेकसतो, असं सगळं निघतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खुर्चीत जरा पुढे सरकून, आवाज खाली घेऊन तो मुद्द्यावर येतो. "ते एवढे देवाचे माणूस आणि मी हा असा कोरडा. त्यांचं माझ्यात काहीच उतरलं नाही, मॅडम."

उर्दू शाळेतल्या एका मास्तरांचा मुलगा उदगीरहून यायचा. अब्बांची फजरची नमाज कधी चुकली नाही आणि मला जुम्म्याला जायचंही जिवावर येतं, म्हणायचा. नांदेडची एक बँकेतली बाई होती. तिचे वडील दर रविवारी विहारात लहान लेकरांना बुद्धवंदना शिकवायचे. ते गेल्यापासून ती विहाराच्या रस्त्यानं जायचंच टाळत होती, दीड किलोमीटरचा वळसा पडला तरी. आणि माळकऱ्यांची मुलं तर विचारूच नका. पैठण, आपेगाव, गंगाखेड, नर्सी, तेर अशी नुसती गावांची नावं घेतली तरी कुठला ना कुठला संत आडवा येतो, असा हा आमचा मुलूख. इथं वडिलांची भक्ती एकट्या वडिलांची राहत नाही, ती गावाची ठेव होते. ती मोडली की गाव हिशेब विचारतं.

आज ज्यांची गोष्ट सांगते त्यांना मी 'सर' म्हणते. लातुरात यावरून कुणाचीही ओळख पटायची भीती नाही. चहाच्या टपरीवर 'ओ सर' अशी हाक मारली तर सहा माना वळतात. गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे, आणि दोन घरांतले तपशील मी मुद्दाम एकमेकांत मिसळलेत.

सर फिजिक्स शिकवतात. नीटची बॅच, एका हॉलमध्ये दीडशे पोरं, कॉलरला माईक. त्यांचे वडील, नाना, जिल्हा परिषदेचे गुरुजी. बहात्तरच्या दुष्काळात नोकरीला लागलेले. पहिल्या शाळेतली निम्मी लेकरं आईबापाबरोबर खडीच्या कामावर असायची, म्हणून नाना दुपारच्या सुट्टीत तिकडे जाऊन पाढे घ्यायचे. छत्तीस वर्षांची नोकरी, सगळी औसा-निलंगा भागात. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, खिशात खडू. पहाटे हरिपाठ चुकला नाही. आषाढीला दिंडीबरोबर पायी. मुरुडावरून तेरला गोरोबाकाकांचं दर्शन, मग येडशी, बार्शी करत पंढरपूर. पगार झाला की आधी अकरा रुपये विठोबाच्या डब्यात आणि उरलेला सगळा बायकोच्या हातात. स्वतःची तीन आणि भावाची दोन अशी पाच लेकरं त्या पगारात शिकली. हे सगळं सरांनी मला पहिल्या भेटीत, पाठ केलेलं सांगावं तसं सांगितलं. तेव्हाच मला खटकलं होतं. एवढ्या प्रेमाच्या माणसाबद्दल इतकं गुळगुळीत कसं काय बोलता येतं?

"अडचण नेमकी कुठं आहे?" मी विचारलं.

"तेराव्याला चुलत्यांनी पंढरपूरहून आणलेली नवी माळ सगळ्यांपुढं ताटात ठेवली. म्हणाले, थोरल्यानं घालावी, घरची माळ खंडू नये. मी म्हणलं, बघू. तेव्हापासून ती देवघराच्या खिळ्याला लटकलीय. बायको दिवा लावताना तिच्याकडं बघते, मग माझ्याकडं बघते. बोलत काही नाही."

"का घातली नाही?"

"मॅडम, मी आमलेट खातो."

मला हसू आलं. तेही हसले. मग बराच वेळ गप्प बसले आणि टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "आणि खोटं कसं घालू? देव आहे असं मला वाटतच नाही. नानांनी खोटं चालवून घेतलं नसतं."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली. का मारली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या भेटीत ते मोबाइलमध्ये शोकाच्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) काढूनच आले. मी कितव्या पायरीवर आहे, तेवढं सांगा म्हणाले. फिजिक्सचा माणूस, त्याला आलेख हवा. हा प्रश्न आता मला महिन्यातून एकदा तरी येतो म्हणून इथं सांगून ठेवते. १९६९ साली आलेल्या ज्या पुस्तकातून त्या पायऱ्या जगभर गेल्या, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेलं होतं. मागे राहिलेल्यांचं मन त्याच जिन्यानं क्रमाक्रमानं उतरतं असं काही नाही. माणूस सकाळी रडतो, दुपारी लग्नाला जाऊन जिलेबी खातो आणि रात्री परत रडतो. त्यात बिघडलेलं काही नसतं.

तिसऱ्या भेटीत मी चूक केली. बावीस वर्षं हे काम करूनही केली, म्हणून लपवत नाही. सरांच्या बोलण्यात सारखं 'घातलीच पाहिजे', 'चालवलंच पाहिजे' यायचं. असा 'पाहिजेच' दिसला की माझ्यासारखीला राहवत नाही. माझं शिक्षणच त्या वळणाचं. मी तो धरला आणि उलटतपासणी सुरू केली. कुणी सांगितलं पाहिजेच म्हणून? नाही घातली तर काय होईल? गाव काय करील? नानांनी कधी तुम्हाला तसं म्हटलं होतं? एकेक उत्तर बरोबर आलं. 'मी मोकळा आहे, माझ्यावर सक्ती नाही,' हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं. मी खूश. ते हात जोडून गेले आणि सहा आठवडे आलेच नाहीत.

त्या सहा आठवड्यांत मी माझी वही पुन्हा वाचली. हुशार विद्यार्थ्यानं बाईंना हवं ते उत्तर द्यावं तशी त्यांनी मला उत्तरं दिली होती. आणि मी काय करत होते? त्यांच्या मनावरचा बोजा उतरवायला निघाले होते. पण तो बोजाच त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. नानांशी जोडलेलं दुसरं काही त्यांच्या हाताशी नव्हतं. देव पटत नाही, वारी जमत नाही, गाव सुटलं, नाना फुकट शिकवायचे आणि आपण फी घेतो. राहिलं काय? 'मी त्यांच्यासारखा नाही' ही टोचणी. ती रोज संध्याकाळी दिव्याच्या वेळी टोचायची, आणि टोचायची तेवढा वेळ नाना घरात असायचे. मी तीच काढून घ्यायला निघाले होते. माणूस पळेल नाहीतर काय.

माझ्या पाहण्यातला हा सगळ्यात मोठा धडा, म्हणून जरा रेंगाळते. आमच्या शास्त्रात बराच काळ असं मानत, की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेक धागा करून सोडवायचं आणि दुसरीकडे लावायचं, मग शोक संपला. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं १९१७ साली साधारण असंच मांडलं होतं. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. १९२९ मध्ये, पोटचा मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला लिहिताना त्याचा सूर पार बदललेला आहे. दुःखाची धार कमी होईल, पण त्या माणसाची जागा कशानंच भरून निघणार नाही आणि ते तसंच असायला हवं, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. त्याच्या सिद्धांतापेक्षा मला हे पत्र पटतं. आपल्याकडे तर गेलेल्याला दरवर्षी तिथीला बोलावून त्याच्या आवडीचं जेवू घालतात. नातं संपवायचं नसतं, हे आपल्या बायाबापड्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. मग प्रश्न एवढाच उरतो, की नातं ठेवायचं कशाच्या आधारानं. टोचणीच्या, की आणखी कशाच्या?

मी आपणहून फोन करून सरांना बोलावलं. असं मी क्वचित करते.

"मागच्या वेळी मी घाई केली," मी म्हटलं. "आज माळेचं बोलायचं नाही. एक काम देते. नानांबद्दल पाच गोष्टी लिहून आणा. अट एकच. पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत छापता येणार नाहीत अशाच."

ही युक्ती माझी स्वतःची आहे, कुठल्या पुस्तकातली नाही, आणि मला तिचा थोडा अभिमानही आहे. आपल्याकडे माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा फ्लेक्स होतो. 'ह. भ. प.', 'वैकुंठवासी', 'प्रथम पुण्यस्मरण', खाली कीर्तनाची वेळ आणि महाप्रसाद. वाईट काही नाही त्यात. पण फ्लेक्सवरच्या माणसाशी भांडता येत नाही, त्याला मिठी मारता येत नाही, आणि त्याच्यासारखं तर कुणालाच होता येत नाही. पोरगं आयुष्यभर फ्लेक्सशी उंची मोजत बसतं.

सरांनी कागद आणला. अक्षर वळणदार, समास सोडलेला. एक, नाना पत्त्यांत हरले की डाव उधळायचे. दोन, घोरायचे. तीन, चौथीतल्या एका पोराला त्यांनी एकदा इतकं मारलं होतं की संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन स्वतःच रडले. चार, छताखाली झोपायचे नाहीत. लातूरच्या फ्लॅटवर आले तरी बाल्कनीत वाकळ टाकायचे, थंडीत सुद्धा. पाच, मला बारावीला फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी पडले तेव्हा गावभर पेढे वाटले आणि मला मात्र एक शब्द बोलले नाहीत.

पाचव्यावर सरांचा गळा दाटला. त्याच्यावर बोलायचं होतंच. पण माझी नजर चौथ्यावर अडकली होती.

"छताखाली का झोपत नव्हते?"

"वारीची सवय. उघड्यावर झोप चांगली लागते म्हणायचे."

"सर, त्र्याण्णव साली नाना कुठल्या शाळेवर होते?"

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला त्र्याण्णव म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मी तेव्हा बारावीत होते, उदगीरला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमची फक्त भांडी पडली. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली, झोपलेली हजारो माणसं उठलीच नाहीत. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही सगळेच अंगणात झोपलो. काहीजण पुढे कायमचेच.

सर माझ्याकडे बघत राहिले. "किल्लारीजवळच," ते हळूच म्हणाले. "पण त्या रात्री ते घरी होते. गणपती बुडवायला गावी आलेले. मी सात वर्षांचा होतो. नाना त्यावर कधी बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

"आईंना विचारूया?"

पुढच्या भेटीला सरांच्या आई आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी धपाटे आणि दह्याचा डबा. समुपदेशक म्हणजे कुणीतरी डॉक्टरच, आणि डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, असा त्यांचा हिशेब. सरांनी नानांचं हरिपाठाचं पुस्तक आणलं होतं. हाताळून हाताळून कडा कापसासारख्या झालेल्या, पाठीला औषधाच्या पट्टीची चिकटपट्टी. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नऊ नावं, एकाखाली एक, आणि वर 'इ. ४ थी'.

"ही शिष्यवृत्तीला बसवलेली लेकरं," सर म्हणाले. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा हा नानांचा हातखंडा, हे मला आधी सांगून झालं होतं.

मावशींनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, परत मांडीवर ठेवलं.

"शिष्यवृत्तीची न्हाईत रे बाबा ती. त्या रातीची हायत."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी काही विचारलं नाही. अशा वेळी न विचारणं हे मला फार उशिरा जमायला लागलं.

मावशीच बोलत गेल्या. सकाळी बातमी कळल्या कळल्या नाना एका ट्रकमधून तिकडे गेले. चार दिवसांनी आले. अंगावर तेच कपडे. हौदावर जाऊन अंघोळ केली, गळ्यातली माळ काढली आणि देवळीत ठेवली. हरिपाठ बंद. एकादशी बंद. पुढची आषाढी आली, दिंडी दारावरून गेली, हे घरात भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"नानांनी माळ काढली होती?" सरांनी तीनदा विचारलं. एकदा आईला, एकदा मला आणि एकदा बहुतेक स्वतःलाच.

"अकरा महिनं. गावात कुणाला कळू दिलं न्हाई मी. उपरण्याखाली झाकून जायचं."

"आणि शाळा?" हा प्रश्न माझा.

"शाळा कवा बुडवली, बाई? पत्र्याची शाळा व्हायच्या आदी लिंबाखाली बसवली लेकरं. जी राहिली होती ती."

"मग माळ परत कधी घातली?"

मावशी थोडं हसल्या. "एका पोरीनं इचारलं. तिची माय गेली होती त्यात. मनली, गुरुजी, तुमची माळ हरवली का? आता त्या लेकराला काय सांगावं. दुसऱ्या दिवशी देवळीतली काढली, पुसली, घालून गेले. देवासाटी घातली का त्या लेकरासाटी, मी इचारलं न्हाई."

मग जाता जाता, पदर सावरत, त्या आणखी एक बोलल्या. गावच्या सप्त्यात रात्री दोन ते चारचा विण्याचा पहारा नाना दरवर्षी घ्यायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस विणा खाली टेकवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि ज्याचा पहारा तो दोन तास उभा राहून तार छेडत नाम घेतो. दिवसाचे पहारे हौशीनं भरतात. दोन ते चारला मात्र मंडपात विणेकरी, एक समई आणि पेंगणारी दोन-चार म्हातारी एवढंच असतं.

"गाव मनायचं, गुरुजीची काय ही भक्ती! आवो, झोप कुटं लागत होती त्यांला त्या येळेला? नुसतं पडून तळमळण्यापरीस इणा बरा, मनायचे."

सरांनी पुस्तक परत आपल्याकडे ओढलं. शेवटचं पान उघडलं. पहिल्या नावाखाली बोट ठेवून ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, थांबले. दुसरं वाचलं, थांबले. माझ्या लक्षात आलं, ते हजेरी घेत होते. प्रत्येक नावानंतर 'हजर'पुरती जागा सोडत होते. रोज दीडशे पोरांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं नावांची यादी वाचता येणार? नववं नाव झालं आणि मग ते रडले. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच, असं मावशींनी मला नंतर सांगितलं. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मी उगीचच धपाट्यांचा डबा उघडला.

मी पहिल्या भेटीत ज्याखाली रेघ मारली होती ते वाक्य त्या संध्याकाळी मला उलगडलं. 'नानांनी खोटं चालवून घेतलं नसतं.' नानांनी स्वतः विश्वास नक्की नसताना माळ घातली होती, एका लेकराला उत्तर देता येईना म्हणून. याला खोटं म्हणायचं का? मी पुढच्या भेटीत हा प्रश्न सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "खोटं नाही म्हणता येणार. पण श्रद्धा पण नाही म्हणता येणार ना?" मी म्हटलं, गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या घालते, तरी तिचे अभंग आपण काकड्याला म्हणतो. रुसवा, अबोला, अकरा महिने पाठ फिरवून बसणं हे सगळं आपल्याकडच्या भक्तीतच मोडतं. फक्त फ्लेक्सवर मावत नाही. सर यावर पूर्ण पटल्यासारखे दिसले नाहीत. नसू देत. मी कीर्तनकार नाही.

पण एक मात्र हलायला लागलं. तोवर ते 'नानांचं सगळं चालवायचं की काहीच नाही' अशा पेचात होते. आता ते स्वतःच विचारू लागले, की नानांचं नेमकं काय चालवायचं. हा प्रश्न ज्याला पडला तो निम्मा बाहेर आला, असं मी धरून चालते. बॅचमध्ये मागच्या बाकावर बसणारी, फी भरता न आलेली, घरी परत जायच्या बेतात असलेली चार-दोन पोरं त्यांना आधीही दिसत होती. आता ती नावानिशी दिसायला लागली. फीचा आणि नानांच्या फुकट शिकवण्याचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. तो मी मिटवायच्या भानगडीत पडले नाही. काही टोचण्या माणसाला बऱ्या असतात.

ज्यांना हे वाचताना आपलंच वाटतंय त्यांना दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वडिलांचं व्रत पुढे न्यायचं की नाही, हा निर्णय तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर देऊ नका. 'वर्ष होऊ द्या, मग बघू,' एवढं म्हटलं की चुलते-मामे गप्प होतात; वर्षाच्या आत मोठं काही करायचं नाही हे त्यांनाही मान्य असतं. त्या वर्षात आई, आत्या, वडिलांचे जुने सहकारी, दिंडीतले जोडीदार, जे कुणी असतील त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि पत्रिकेत न छापण्यासारखं विचारा. ही माणसं पिकली पानं आहेत, लांबणीवर टाकू नका. आईला विचारायला मुलगे फार लाजतात असा माझा अनुभव आहे; तिला दुखेल म्हणतात. बहुतेक वेळा ती कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघत असते. जे ऐकायला मिळेल ते कायम गोड असेल असं नाही. एका बाईला वडिलांनी भावाला फसवून जमीन नावावर केल्याचं कळलं होतं, आणि आम्हाला मग वेगळ्याच वाटेनं जावं लागलं. तरी ती म्हणते, कळलं ते बरं झालं.

नांदेडच्या त्या बँकेतल्या बाईचंही विचारायचं राहून जाईल तुमचं. वडील वंदना शिकवायला बसले की आधी सगळ्या लेकरांची नखं तपासायचे, ही आठवण तिला तिच्या धाकट्या काकांनी दिली. ती आता रविवारी विहारात जाते, मागे बसते, आणि पिशवीत नेलकटर असतं. वंदना अजून म्हणत नाही.

आणि हेही लक्षात असू द्या, सगळाच शोक असा बोलून सुटत नाही. सहा महिने उलटले तरी दिवसाचा बहुतेक वेळ त्याच विचारात जात असेल, कामावर जाववत नसेल, जेवण-झोप पार बिघडली असेल, तर नुसत्या धीराच्या शब्दांवर राहू नका. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'आपणही जावं त्यांच्यामागं' असं मनात येत असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर लावा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सर चैत्रानंतर एकदा येऊन गेले. ठरलेली भेट नव्हती, बॅच सुटल्यावर सहज आलो म्हणाले. हनुमान जयंतीच्या सप्त्याला गावी गेले होते. दोन ते चारचा पहारा मी घेतो म्हणाल्यावर मंडपात थोडी कुजबुज झाली. माळ नाही, विणा कसा द्यायचा? शेवटी जुने विणेकरी म्हणाले, सात दिवस पाळ आणि घे.

"पाळलं?"

"सातही दिवस. आमलेट आठव्या दिवशी."

"उभं राहिल्यावर काय वाटलं?"

ते विचारात पडले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं येणार.

"खांदा भरून आला, मॅडम. पट्टा फार रुततो. आणि तीन वाजता चहा येतो, तो एका हातानं प्यावा लागतो, हे नानांनी कधी सांगितलं नव्हतं." मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "चारला पाच कमी असताना नऊ नावं घेतली. हळू. कुणाला ऐकू गेलं नसेल."

मी खिळ्यावरच्या माळेचं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. उठताना म्हणाले, पुढच्या वर्षीच्या यादीत नाव आत्ताच टाकून घेतलंय त्यांनी. दोन ते चारला माणूस मिळत नाही म्हणे.